सहा दिवस, अकरा माणसे आणि गोव्याचा हट्ट

पत्र: आम्ही पुण्यात राहतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन गाड्या घेऊन कोकणात जायचे ठरते आहे. माझे सासू-सासरे, आम्ही दोघे, चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी, यजमानांच्या शाळेतील एका मित्राचे तिघांचे कुटुंब आणि दुसरा मित्र व त्याची पत्नी, असे आम्ही अकरा जण आहोत. यजमानांनी आखलेला बेत असा: पहिला मुक्काम दिवेआगर, दुसरा दापोली, तिसरा गणपतीपुळे, चौथा मालवण, पाचवा गोवा आणि सहाव्या दिवशी एका दमात पुणे. निघायचे रात्री दोन वाजता, म्हणजे मुले झोपेत असतील आणि रस्ता मोकळा मिळेल. सासऱ्यांना मधुमेह आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गुहागरला व्याडेश्वराचे, म्हणजे आमच्या कुलदैवताचे, दर्शन व्हावे एवढीच त्या दोघांची इच्छा आहे आणि नेमके तेच या बेतात बसत नाही. मुलीला घाटात उलट्या होतात, मुलगा मोबाईलमधून मान वर काढत नाही. मित्रांना रात्री ‘बसायचे’ असते. मागच्या सहलीत हिशोबावरून दोन घरांत अबोला झाला होता. आई-बाबांना घरीच ठेवावे, असे एका मित्राने सुचवले आहे. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही दिसत नाही. ही सहल सर्वांच्या लक्षात राहावी, पण भांडणासाठी नव्हे. मी काय करू?

उत्तर: स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात अडचणी अनेक आहेत, परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक अडचणी एकाच निर्णयातून निघाल्या आहेत. तो निर्णय म्हणजे सहा दिवसांत किनाऱ्याने गोवा गाठून परत येणे. म्हणून मत आधीच देतो. वगळायचे असेल तर या खेपेस गोवा वगळावा, सासू-सासऱ्यांना वगळू नये.

यजमानांनी आखलेली फेरी अकराशे किलोमीटरांच्या पुढे जाते. महामार्गावर या आकड्याची भीती वाटण्याचे कारण नाही, पण किनाऱ्याचा रस्ता हा महामार्ग नव्हे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा एकामागून एक खाड्या आडव्या येतात, रस्ता वाड्यांच्या गडग्यांमधून अरुंद होत जातो आणि समोरून एसटी आली की कोणाला तरी गाडी मागे घ्यावी लागते. या पट्ट्यात जेट्टीवरील थांबा आणि चहापाणी धरून ताशी तीस किलोमीटरांहून अधिक वेग गृहीत धरू नये. त्या हिशोबाने तुमच्या मधल्या दिवसांतले चार ते सहा तास गाडीतच जातील आणि शेवटच्या दिवशी गोवा ते पुणे हे साडेचारशे किलोमीटरांच्या आसपासचे अंतर थकलेल्या चालकांना कापावे लागेल. शिवाय पाच रात्री पाच ठिकाणी राहणे म्हणजे अकरा जणांच्या पिशव्या रोज सकाळी भरणे आणि रोज संध्याकाळी सोडणे. हे काम घरातले कोण करते, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याऐवजी हा बेत यजमानांपुढे ठेवून पाहा. पहिल्या दिवशी ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगर, एक रात्र. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला जंगलजेट्टीवर, म्हणजे माणसांसह गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर, गाड्या चढवाव्यात, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे आणि वेळास, केळशी, आंजर्ल्यावरून हर्णै-मुरुडला पोहोचावे. तेथे दोन रात्री. चौथ्या दिवशी दापोलीवरून दाभोळ, तेथून पुन्हा जेट्टीने धोपावे आणि पुढे गुहागर, तेथेही दोन रात्री. सहाव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रजमार्गे पुणे. पाच रात्रींत मुक्कामाची गावे तीनच होतात, परतीचे अंतर तीनशे किलोमीटरांच्या आत राहते आणि मुख्य म्हणजे कुलदैवताचे दर्शन हे वाट वाकडी करून ज्येष्ठांवर केलेले उपकार न ठरता सहलीचे शेवटचे ठिकाण ठरते. दाभोळ-धोपावे बोट नसती, तर हीच खाडी ओलांडायला खेड-चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडला असता. बोटीवर तो प्रवास काही मिनिटांचा होतो आणि मुलांना त्या काही मिनिटांचेच सर्वाधिक अप्रूप असते. मात्र नाताळच्या सुट्टीत जेट्टीवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि रात्री उशिरा बोट नसते, म्हणून वेळा आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्याव्यात.

रात्री दोनला निघण्याच्या कल्पनेला मात्र ठाम नकार द्या. पुण्याहून दिवेआगर साधारण एकशे साठ किलोमीटर आहे. सकाळी सहाला निघालात, तरी थांबत थांबत दुपारच्या जेवणाला पोहोचता, मग रात्रीची झोप घालवून मिळवायचे काय? मध्यरात्रीनंतरचे, विशेषतः पहाटेपूर्वीचे तास शरीर झोपेला सर्वाधिक ओढ घेण्याचे असतात आणि नेमक्या त्याच वेळी ताम्हिणीचा तीव्र उतार अंधारात उतरावा लागेल. मुले झोपलेली असतात हे खरे, पण चालकाच्या शेजारचा माणूसही झोपलेला असतो. या घाटात बराच वेळ मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून मदतीला माणूस मिळेल अशा उजेडाच्या वेळीच तो पार करावा. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरावा, सतत ब्रेकवर पाय ठेवू नये आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हे तुमच्या दोन्ही चालकांना ठाऊक असेलच, तरी निघण्यापूर्वी ते एकदा मोठ्याने बोलले जावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा सर्व आपत्कालीन मदतीचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. मागच्या आसनांवरही सीटबेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे. घरच्या गाडीत आजी-आजोबांना तो लावायला सांगणे अनेकांना अवघड वाटते, पण तसे वाटून घेऊ नये.

ज्येष्ठांची काळजी घेणे म्हणजे त्यांना सारखे ‘ठीक आहे ना?’ असे विचारत राहणे नव्हे. त्यांच्या शरीराच्या वेळा आणि गाडीच्या वेळा जुळवल्या, की विचारावे लागत नाही. सासऱ्यांचे जेवण नेहमीच्या वेळेच्या पुढे जाऊ देऊ नका. जेट्टीच्या रांगेत दीड तास गेला तरी हाताशी दशमी, फळ आणि साखरेची पुडी असावी. औषधांची पिशवी डिकीत न ठेवता त्यांच्या हातात द्या आणि ते इन्सुलिन घेत असतील, तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते कधीही सोडून जाऊ नका. सासूबाईंसाठी दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालणे आवश्यक आहे आणि चालकालाही तेवढ्याच अंतराने विश्रांती हवी असते, म्हणून एका थांब्यात दोन्ही कामे होतात. स्वच्छतागृहांचा प्रश्न सहल आखणारे पुरुष क्वचितच लक्षात घेतात. परिणामी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोके दुखले की तो प्रवासाचा शीण समजला जातो. घाटात शिरण्यापूर्वी आणि उतरल्यावर कुठे थांबायचे, हे आधी ठरवून दोन्ही चालकांना सांगून ठेवा. खोल्या तळमजल्यावरच्याच मागा आणि शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे ना, हे फोनवर स्पष्ट विचारा.

ठिकाणे निवडतानाही गुडघ्यांचा विचार करता येतो आणि त्यासाठी कोणाला काही सोडावे लागत नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे तेथे सर्वांनी मिळून जावे. सुवर्णदुर्गाला जायचे तर पाण्यातून होडीत चढावे-उतरावे लागते, तेव्हा तेथे तरुणांनी जावे आणि ज्येष्ठांनी त्या वेळी मुक्कामी आराम करावा. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव असतो. शाकाहारी माणसालाही ती लगबग दुरून पाहायला आवडते, मात्र सासूबाईंना वास सोसत नसेल तर आग्रह करू नये. अकरा माणसांनी सहा दिवस एकमेकांना चिकटूनच राहिले पाहिजे, हा समज जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

हरिहरेश्वराबाबत मात्र एक सक्त सूचना आहे. देवळामागच्या खडकांवरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग भरतीच्या वेळी धोकादायक असतो आणि लाटेने माणसे ओढली गेल्याच्या घटना तेथे घडल्या आहेत. भरतीचा अंदाज घेण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये. तुमचे सासरे कोकणातले असतील, तर त्यांना ही रीत ठाऊक असण्याची शक्यता आहे. नातीला कालनिर्णय हाती देऊन रोजची भरती काढायला त्यांनाच शिकवू द्या. आणि कोणत्याही मित्राला वाळूत गाडी घालण्याची हुक्की आली, तर त्याला तिथेच रोखा. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांची छायाचित्रे दर सुट्टीत वर्तमानपत्रांत येतात, त्यांत आपली नको.

आता बसण्याच्या जागांविषयी लिहितो, कारण माझ्या मते अशा सहलींचे बरेवाईट तिथेच ठरते. सात आसनी गाडीत लहान मुलांना शेवटच्या रांगेत कोंबण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती रांग सर्वांत जास्त हेलकावते आणि तेथून समोरचा रस्ता दिसत नाही. डोळ्यांना जे दिसते आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जे जाणवते, त्यांचा मेळ बसला नाही की मळमळते. म्हणून मुलीला मधल्या रांगेत, समोरची काच दिसेल अशा जागी बसवा, घाटात तिला मोबाईल किंवा पुस्तक देऊ नका, सकाळी तळलेले खाऊ घालू नका आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून गोळी द्यायची ठरली तर ती घाट सुरू होण्यापूर्वी पुरेशी आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. शेवटची रांग धडधाकट आणि विनोदी माणसांना द्यावी. ती रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला एकच मऊ पिशवी, असा नियम आधीच जाहीर करा.

दुसरे असे, की दोन गाड्या असल्या की नकळत दोन सहली होतात. एका गाडीत आई-बाबा, मुले आणि तुम्ही, तर दुसरीत मित्रांची मैफल. मुक्कामी पोहोचेपर्यंत दोन्ही गाड्यांतले विनोद वेगळे झालेले असतात आणि एका गाडीतल्यांना दुसरीकडच्या हसण्याचे कारण कळत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर दोघातिघांची अदलाबदल करा. सासऱ्यांना एका टप्प्यासाठी मित्राच्या गाडीत, पुढच्या आसनावर बसवा. त्यांच्या लहानपणी कोकणात जायचे म्हणजे मुंबईहून बोट किंवा घाटातून एसटी, कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. ज्या मित्राने त्यांना घरी ठेवायला सुचवले, त्याच्याच शेजारी त्यांना दाभोळ ते गुहागर बसवावे, असा थोडा खोडकर सल्लाही देतो. धोपाव्यापासून अंजनवेलचा परिसर जवळच आहे. तेथे उभ्या राहिलेल्या एन्रॉनच्या वीजप्रकल्पावरून १९९०च्या दशकात महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले होते आणि त्या विषयावर मत नसलेला त्यांच्या पिढीतील माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. परतीच्या वाटेवर कोयनानगर लागेल. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता. त्या रात्री ते कुठे होते, एवढे त्यांना विचारा, मग पाटण येईपर्यंत गाडीत गाणी लावण्याची गरज पडणार नाही.

मुलाचा मोबाईल काढून घेऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाकडून वस्तू हिरावली, की तो सहा दिवस तीच मनात धरून बसतो. त्याऐवजी त्याला खरे, चुकले तर सर्वांची अडचण होईल असे काम द्या. रेंज नसतानाही चालतील असे नकाशे आधी उतरवून घेणे, जेट्टीच्या वेळा विचारून दोन्ही गाड्यांना कळवणे, पेट्रोल कुठे भरायचे ते ठरवणे, हे त्याच्याकडे सोपवा आणि मध्ये लुडबुड करू नका. तो एखादे वळण चुकवेलही. त्या वेळी यजमानांनी त्याच्या हातून काम काढून घेतले नाही, तर तो तुमच्यासोबत प्रवास करू लागेल.

पैशांचे बोलणे निघण्यापूर्वी एका संध्याकाळी, सर्वांसमोर आणि आकड्यांत व्हावे. ‘नंतर बघू’ या दोन शब्दांनी जितकी मैत्री बिघडवली आहे, तितकी पैशांच्या कमतरतेने बिघडवलेली नाही. खोल्यांचा खर्च ज्याच्या त्याच्या कुटुंबाने करावा, इंधन, टोल आणि जेट्टीचे भाडे दोन्ही गाड्यांचे एकत्र करून मोठ्या माणसांच्या संख्येने वाटावे, जेवणात मुलांचा अर्धा वाटा धरावा आणि मांसाहार व मद्य यांचा खर्च घेणाऱ्यांनी वेगळा ठेवावा. सासू-सासऱ्यांचा पूर्ण वाटा तुमच्या घराचा असेल, हे यजमानांनी स्वतः पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. सुरुवातीलाच सारखी रक्कम काढून एकाकडे द्या. मात्र ज्याने बेत आखला त्याच्याकडे ती देऊ नका, कारण मार्ग ठरवणारा आणि पैसे मोजणारा एकच असला की त्याच्यावर शंकाही घेता येत नाही आणि विश्वासही उरत नाही. मागच्या वेळी ज्या दोन घरांत अबोला झाला, त्यांपैकी एका घरातील स्त्रीकडे हे काम सोपवता आले तर फारच उत्तम. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटांत हिशोब वाचून दाखवावा.

‘बसण्या’विषयी नैतिक प्रवचन मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. अट एकच असावी: दुसऱ्या दिवशी सकाळी जो गाडी चालवणार आहे, त्याने आदल्या रात्री घेऊ नये. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असेल, तर गाडी चालवणे गुन्हा आहे आणि उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीचा अंमल सकाळी उतरलेला असेलच असे नाही. दोन रात्रींच्या मुक्कामांचा लाभ इथेही होतो. मुरुडच्या आणि गुहागरच्या पहिल्या रात्रीनंतरच्या दिवशी लांब गाडी हाकायची नसल्याने मित्रांची बैठक त्या दोन रात्री होऊ शकते. घरगुती निवासाच्या मालकांना ते चालते का, हे मात्र आधी विचारलेच पाहिजे. अनेक घरांत मद्य चालत नाही, काही घरांत मांसाहारही चालत नाही आणि आयत्या वेळी ओशाळण्यापेक्षा फोनवर विचारणे सोपे आहे. जेवणाचेही तसेच. अशा घरांत ऑर्डर सकाळी द्यावी लागते, तेव्हा उकडीचे मोदक हवे असतील तर रात्री नऊ वाजता आठवून उपयोग नाही.

राहता राहिले यजमानांशी बोलणे. हे सर्व मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहू नका. तिथे त्यांना आपला बेत राखण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. दोघांनी नकाशा पुढे ठेवून बसा आणि गोवा का हवा आहे, हे आधी त्यांना विचारा. माझा तर्क असा, की त्यांना मित्रांबरोबर एक मोकळी, जबाबदारी नसलेली सहल हवी आहे आणि ती इच्छा मुळीच गैर नाही. फक्त ती आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी सोबत असताना पुरी होणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तीन मित्रांनी आंबोलीमार्गे तीन दिवस गोव्याला जावे, असे तुम्हीच सुचवा आणि तारीखही तेव्हाच कॅलेंडरवर लिहा. नंतर दोघांच्या संमतीने ठरलेला नवा बेत त्यांनीच मित्रांना सांगावा. तुमच्या तोंडून तो गेला, तर सुनेने सासू-सासऱ्यांसाठी सहल बदलली अशी कुजबुज होईल आणि तो दोष तुम्ही अंगावर घेण्याचे कारण नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून रोज पाचच्या आत मुक्काम गाठायचा, हा एक नियम सर्वांकडून मान्य करून घ्या. किनाऱ्यावरची संध्याकाळही मिळते आणि अंधारात अनोळखी रस्त्याने जावे लागत नाही. नाताळाच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या खोल्या सर्वांत आधी संपतात. बोलणे आज रात्री झाले, तर गुहागरला उद्या सकाळीच फोन करा, कारण तीन मुक्कामांपैकी तोच बदलता येणार नाही. बाकीची दोन गावे त्या तारखांभोवती बसवता येतील.